मूळ, अस्सल आणि तोतया

मराठी अंकगणितात दोन घराणी नांदतात. बेरीज आणि वजाबाकी फारसी दफ्तरातून आलेल्या दिसतात. 'वजा'च्या मागे अरबी 'वज़्अ' आहे, म्हणजे खाली ठेवणे, काढून ठेवणे. 'बाकी'ही अरबीच. 'बेरीज' जुन्या कागदांत वसुलाच्या एकूण रकमेसाठी भेटते. गुणाकार आणि भागाकार मात्र संस्कृतच राहिले. कारण कारकुनी असावे: सारा गोळा करणाऱ्याला रोज मिळवावे आणि वजा करावे लागे, म्हणून त्या क्रियांना दरबारी भाषेची नावे चिकटली. घात, वर्ग, गुणन ही कामे पंचांग करणाऱ्या गणकाच्या हाती राहिली आणि त्यांची भाषाही त्याचीच राहिली.

मूळ संख्या ही या दुसऱ्या घराण्यातली. ती ओळखायची तर भागाकारच करून पाहावा लागतो. तरी तिच्या मराठी नावात भागाकाराचा मागमूस नाही. शेजारी भाषांत तो आहे. हिंदीत अभाज्य संख्या, गुजराती आणि कन्नडमध्ये अविभाज्य, मल्याळममध्ये पुन्हा अभाज्य. तमिळमध्ये 'पगा एण्', म्हणजे न भागली जाणारी संख्या. तमिळ 'पगु' म्हणजे भागणे. त्याचे आणि संस्कृत 'भाग'चे ध्वनिसाम्य मोहात पाडणारे आहे, पण 'पगु' हा द्राविडी धातू स्वतंत्र दिसतो. या सगळ्या भाषांनी संख्येला नाव दिले ते तिच्यावर काय चालत नाही यावरून. मराठीने मात्र 'मूळ' म्हटले. बंगाली आणि उडिया 'मौलिक' म्हणतात, म्हणजे त्या आपल्या पंगतीतल्या.

मूळकडे वळण्याआधी 'अभाज्य'मधल्या 'भज्' धातूचा थोडा पाठलाग करू, कारण तो थेट बारामतीच्या शिवारात नेऊन सोडतो. भज् म्हणजे वाटणे, वाट्याला येणे. त्यापासून भाग, विभक्त, भाजक. 'भक्त' म्हणजे आधी वाटून दिलेला, मग वाट्याला आलेले अन्न, आणि प्राकृत 'भत्त'मधून आपला भात. 'भग' म्हणजे वाट्याचे भाग्य, ते ज्याच्याकडे तो भगवान. इराणकडच्या भावंडांत फारसी 'बख्श' आहे, त्यातून आपले बक्षीस. आणि 'बाग़'. जुन्या इराणी भाषेत त्याचा अर्थ वाट्याची जमीन, जमिनीचा तुकडा असा दिसतो. फुलझाडे नंतर आली. या बाग़चे अरबी वळणाचे अनेकवचन 'बाग़ात', आणि त्यावरून बागायत. म्हणजे नीरा डाव्या कालव्याखालचा शेतकरी 'आमचा बागायती भाग' म्हणतो तेव्हा एकाच धातूची दोन नातवंडे, एक इराणमार्गे आलेले आणि एक घरचे, तो शेजारी बसवतो. त्याच तालुक्यात सुपे-मोरगावच्या बाजूला जिरायत लागते. जिरायत हे अरबी 'ज़िराअत', म्हणजे नुसती शेती. पण पावसाचे पाणी जिरते ती जिरायत, असा अर्थ लोकांनी त्यात इतक्या सहजपणे वाचला आहे की तो खोडून काढायचे जिवावर येते. 'कालवा' मात्र यांपैकी कोणाचाच नाही. कन्नड 'कालुवे', तमिळ 'काल्वाय्' पाहता तो दक्षिणेकडून वाहत आलेला आहे.

एक उलटापालट इथे नोंदवण्याजोगी आहे. भागाकार संस्कृत, पण जमिनीची प्रत्यक्ष वाटणी सुरू झाली की 'हिस्सा' आणि 'तक्षीम' हे अरबी शब्द पुढे येतात. वतनी कागदांतला तक्षीमदार म्हणजे वाटेकरी. 'निम्मे' या शब्दाला दोन दारे आहेत: फारसी 'नीम' आणि वैदिक 'नेम', दोहोंचा अर्थ अर्धे, आणि दोघे सख्खे भाऊ. मराठीत निम्मे कोणत्या दाराने शिरले हे ठरवणे अवघड. माझा कौल फारसीकडे. पाणिनीच्या पहिल्या अध्यायातल्या एका सूत्रात 'प्रथम' आणि 'नेम' हे दोन शब्द एकाच यादीत येतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. 'प्रथम'शी आपली गाठ आता पडणारच आहे.

कारण जगातले आणखी एक मोठे कूळ या संख्यांना 'पहिल्या' म्हणते. ग्रीकांनी त्यांना 'प्रोतोस' म्हटले, लॅटिनने 'प्रिमुस', अरबीने 'अव्वली', फारसीत 'अदद-ए-अव्वल'. प्रोतोस, प्रिमुस आणि प्रथम हे तिन्ही शब्द 'प्र' या एकाच उपसर्गाच्या घरचे. निकोमॅकस या ग्रीक लेखकाने जोडी लावली ती अशी: पहिल्या आणि असंयुक्त, दुसऱ्या आणि संयुक्त. एकाहून मोठ्या पण मूळ नसलेल्या संख्येला आपली पाठ्यपुस्तके 'संयुक्त' म्हणतात. ग्रीक 'सिन्थेतोस'चे ते घटकाला घटक जुळणारे रूप आहे, म्हणजे जोडीतला दुसरा शब्द आपण ग्रीक कल्पनेचा घेतला आणि पहिला घरचा ठेवला. तेलुगू 'प्रधान संख्या' म्हणते. त्यातही तोच 'प्र', आणि पेशवा या फारसी पदाचे राज्यव्यवहारातले भाषांतर 'प्रधान' झाले तेही 'पेश', म्हणजे पुढे, या अर्थावरूनच. अरबी अव्वल आपल्याकडे तहसील कचेरीत अव्वल कारकून होऊन बसला, गणितात आला नाही. उर्दूत 'मुफ़रद अदद' रुळले. त्यातला 'फ़र्द' म्हणजे एकटा, अद्वितीय. आपली जुन्या दफ्तरातली फर्द, म्हणजे कागदाचा एकेरी ताव, तिथलीच, आणि 'फर्डा वक्ता'मधला फर्डाही तिथलाच असावा.

नेपाळीने निवडलेला शब्द मला सर्वांत देखणा वाटतो: रूढ संख्या. हा व्याकरणातून उचललेला दिसतो. ज्या शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लागतो तो यौगिक. ज्याचे तुकडे पाडता येत नाहीत, जो आहे तसाच घ्यावा लागतो, तो रूढ. पाचक यौगिक, पण घोडा रूढ. पंधरा ही तीन आणि पाचांची यौगिक संख्या, सतरा रूढ. आणि 'रूढ'चा धातू 'रुह्', म्हणजे उगवणे, वाढणे. रोप त्याच्याच प्रयोजक रूपातून आले, आणि रुजणेही त्याच्या भाऊबंदांपैकी दिसते. म्हणजे नेपाळी आणि मराठी दोघींनीही शब्द वनस्पतीकडूनच घेतला, फक्त एकीने वर पाहिले आणि दुसरीने खाली.

आता मूळ. संस्कृत 'मूल' ऋग्वेदाइतके जुने. आपल्याकडे त्याची संतती अफाट आहे. मुळा (मूलक), मूल्य आणि त्यातून मोल, मुळात, मुळी, मुळीच, निर्मूळ, समूळ. व्याजाच्या गणितात 'मूल' म्हणजे मुद्दल, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्यावर चढते ते व्याज म्हणजे 'कलांतर'. सासरच्या लेकीला आणायला माणूस धाडणे म्हणजे 'मूळ धाडणे'. तो माणूस मुराळी किंवा मुऱ्हाळी, आणि या शब्दाच्या पोटातही मूळच असावे. लेकीचे मूळ माहेरी, म्हणून तिला तिकडे नेणारा तो मूळ, असा हा प्रवास दिसतो. सोनगावजवळ नीरेला मिळणाऱ्या कऱ्हेचे मूळ पुरंदरात, आणि नदीचे मूळ व ऋषीचे कूळ शोधू नये असे बजावणारी म्हणही आपलीच. शब्दांबद्दल तिने काही म्हटलेले नाही, ही सोय.

गणितात मात्र 'मूळ'वर दुहेरी भार पडला. वर्गमूळातले मूळ जुने. भारतीय 'मूल' अरबीत 'जज़्र' आणि लॅटिनमध्ये 'राडिक्स' झाले असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि तिन्हींचा अर्थ झाडाचे मूळच. पुढे मूळ संख्या आली आणि एक मजेशीर वाक्य शक्य झाले: कोणत्याही मूळ संख्येचे वर्गमूळ पूर्णांकांत सापडत नाही, अपूर्णांकांतही नाही. जी स्वतः मूळ आहे तिला मूळ नाही. शब्दांत हा खेळ वाटतो, पण ते सिद्ध झालेले विधान आहे.

लीलावतीत (शके १०७२, म्हणजे ११५०) या परिसरातला आणखी एक शब्द भेटतो: दृढ. कुट्टक नावाच्या रीतीत दोन संख्यांना त्यांच्या सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाने भागले, अपवर्तन केले, की उरणारी जोडी दृढ. तिला आज आपण सहमूळ म्हणतो. कुट्टकात आपले रोजचे कुटणे आहे. कुटून कुटून संख्या बारीक करायच्या आणि पुढे कुटता येईना की त्या दृढ. गावात याचे उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. सातबारा. नमुना सात आणि नमुना बारा यांवरून पडलेले हे नाव. त्यातला सात मूळ, बारा संयुक्त, आणि दोघे मिळून सहमूळ.

'मूळ'ला मराठीत आणखी एक अर्थ आहे, आणि माझ्या मते संख्येच्या नावात तोच सर्वांत उपयोगाचा. मूळ प्रत आणि नक्कल. इथे मूळ म्हणजे खरे, जिच्यावरून दुसरी निघते ती. याच जागी अरबीतून 'अस्सल' येऊन बसला, आणि अरबी 'अस्ल'चा पहिला अर्थ झाडाचे मूळ हाच! दोन अनोळखी भाषाकुळांनी मुळापासून खरेपणापर्यंतची एकच वाट चालावी आणि मराठीत येऊन एकमेकांना भेटावे, याचे मला फार अप्रूप वाटते. तेव्हा मूळ संख्या म्हणजे अस्सल संख्या असे म्हटले तर चूक नाही. पण अस्सल म्हटले की नकली आलेच. मूळ नसून मूळ म्हणून मिरवणारी संख्या असते का?

असते, आणि तिच्यासाठी बारामती सोडावी लागत नाही. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९चा, पन्हाळ्याचा. तरुणपणी ते बारामतीला आले, बाबूजी नाईकांच्या वाड्यात पुराण सांगत राहिले आणि १७९४मध्ये बारामतीतच वारले. १७२९ म्हटले की गणितज्ञ रामानुजन आणि हार्डी यांच्या बोलण्यात आलेली संख्या आठवते. दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी दाखवता येणारी ती सर्वांत लहान संख्या: १२चा घन अधिक १चा घन, किंवा १०चा घन अधिक ९चा घन. तिचे अवयव ७, १३ आणि १९. ('अवयव' हा शब्दही पाहण्यासारखा. हिंदी गुणनखंड म्हणते, खंड पाडते. मराठी संख्येला देह मानते आणि तिचे अवयव मोजते.)

मूळ संख्या ओळखण्याची फर्मा या गणितज्ञाची एक कसोटी आहे. कसोटी म्हणजे कषपट्टिका, सोने घासून पाहायचा दगड. जमिनीचा कस त्याच कुळातला. संख्या मूळ असेल तर तिने भाग न जाणारी कोणतीही संख्या घ्यावी, मूळ संख्येपेक्षा एकाने कमी इतका तिचा घात करावा आणि मूळ संख्येने भागावे. बाकी एक उरलीच पाहिजे. सातावर पाहू: २चा सहावा घात ६४, सातने भागून बाकी १. पंधरावर पाहू: २चा चौदावा घात १६,३८४, पंधराने भागून बाकी ४. पंधरा उघडी पडली. पण १७२९ घ्या. १७२८ म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले बारा. ७, १३, १९ यांपेक्षा एकेकाने कमी म्हणजे ६, १२, १८, आणि तिघेही १७२८ला निःशेष भागतात: २८८, १४४, ९६. त्यामुळे हे अवयव नसलेली कोणतीही संख्या घासून पाहा, बाकी एकच उरते. १७२९ संयुक्त असून कसोटीवर दर वेळी मूळ म्हणून उतरते. अशा संख्यांना कार्मायकेल संख्या म्हणतात. पहिली ५६१, दुसरी ११०५, तिसरी ही. त्या अनंत आहेत हे १९९४मध्ये सिद्ध झाले.

अशांसाठी मराठीत शब्द तयार आहे, आणि तो मोरोपंतांच्या हयातीतच मराठी मुलखाच्या तोंडी होता. तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, कित्येकांनी त्याला भाऊसाहेब म्हणून मानले, आणि अखेर १७७६मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. शब्दाची व्युत्पत्ती वादाची आहे. तोता म्हणजे पोपट. पढवलेले बोलणारा तो तोतया, असा धागा असावा. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खऱ्याचेच उत्तर देणारा खोटा, हा अर्थ १७२९ला तंतोतंत बसतो.

मोरोपंतांच्या दुसऱ्या प्रसिद्ध आकड्याची, एकशे आठ रामायणांची, गोष्ट वेगळी. १०८ उघडपणे संयुक्त: २चा वर्ग गुणिले ३चा घन. पण देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी एक जात सांगितली, स्वयंभू संख्या. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. अशा रीतीने जिचा कोणीच जनक नाही ती स्वयंभू. १०८ तशी आहे. स्वयंभू हा देवळातला शब्द कापरेकरांनी गणितात आणला, आणि 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, हा दुसरा. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती हर्षद. १०८ हर्षद आहे, १७२९ही आहे. म्हणजे तोतयाही आनंद देऊ शकतो.

आता मोठ्या मूळ संख्यांकडे जाऊ, आणि तिथली वाट छंदातून जाते. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व रचना ओळीने मांडतात, त्याला प्रस्तार म्हणतात. (पसरणे हा मूळ अर्थ, आपली पथारी तिथूनच आलेली दिसते.) तीन अक्षरांच्या रचना आठ, तेच य, म, त, र, ज, भ, न, स हे गण. त्यांतला सर्व गुरू असलेला मगण वगळा, उरले सात. सात मूळ. चार अक्षरांच्या सोळा, एक वगळून पंधरा. संयुक्त, कारण चारचे दोन-दोन असे तुकडे पडतात आणि ते पंधरातही उमटतात. पाच अक्षरांच्या बत्तीस, एक वगळून एकतीस, मूळ. अक्षरसंख्या मूळ असली म्हणजे उत्तर मूळ असतेच असे नाही: अकरा अक्षरांच्या २,०४८ रचनांतून एक वगळली की २,०४७, आणि ती २३ गुणिले ८९ निघते. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या या संख्यांना मेर्सेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्र्याचे नाव आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली, तोवरच्या सर्व ज्ञात मूळ संख्यांहून मोठी अशी संख्या याच जातीची: २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. पिंगलाच्या भाषेत, इतक्या अक्षरांच्या ज्या ज्या रचनांत निदान एक लघु आहे त्या सर्वांची संख्या. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. लीलावतीतली स्थाननामे परार्धापाशी, अठराव्या स्थानावर थांबतात.

ती सापडली कशी, हे शब्दांच्या दृष्टीने फार बोलके आहे. आधी तिला फर्माची कसोटी लावली गेली, आणि निकाल 'बहुधा मूळ' असा आला. १७२९सारखे तोतये जगात आहेत म्हणून हा 'बहुधा'. मग ल्युका आणि लेमर यांची कसोटी लागली, जी मेर्सेन संख्यांबाबत फसत नाही. तिची रीत साधी: ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, पुन्हा वर्ग करून २ वजा करा, घातांकातून दोन उणे केले की जो आकडा येतो तितक्या वेळा. एकतीससाठी घातांक पाच, म्हणून तीन वेळा: १४, १९४, ३७,६३४. याला ३१ने भागा: १,२१४, बाकी शून्य. मूळ. हेच २,०४७साठी नऊ वेळा केले तर बाकी १,७३६ उरते, आणि ती बाद होते. ऑक्टोबर २०२४च्या संख्येची बाकी शून्य आली तेव्हाच ल्यूक ड्युरंट या शोधकाच्या नावावर ती लागली. मूळ असल्यामुळे तिने लगेच एक परिपूर्ण संख्याही दिली. अशा प्रत्येक संख्येला ती २च्या ज्या घातातून आली त्याच्या निम्म्याने गुणले की परिपूर्ण संख्या मिळते: ७ला ४ने गुणून २८, ३१ला १६ने गुणून ४९६.

तेव्हा मला एक सुचवायचे आहे. कार्मायकेल संख्यांना मराठीत 'तोतया संख्या' म्हणावे. 'छद्म' हा संस्कृत पर्याय चालेल, पण छद्म म्हणजे पांघरूण, ते ओढले की काम झाले. तोतयाला उघडे पाडायला चौकशी बसवावी लागते, साक्षी तपासाव्या लागतात, आणि १७२९च्या बाबतीत नेमके तेच करावे लागते. शिवाय हा शब्द शोभतो तो 'मूळ'च्याच जोडीला. अभाज्य संख्येचा तोतया म्हणताच येत नाही, कारण अभाज्य हे एका नकाराचे वर्णन आहे आणि नकाराची नक्कल होत नसते. ज्याला अस्सलपणा आहे त्याचाच तोतया निघतो. आपल्या पूर्वसूरींनी शेजाऱ्यांची वाट न धरता 'मूळ' हा शब्द निवडला, त्यात ही सोय त्यांच्याही नकळत राहून गेली असावी. ती वापरात आणणे आपल्या हाती आहे.